हललेले फोटो

३ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार करते आणि लगेच कामाचं विचारते. फोनच केला असता, पण गेल्या खेपेला मी "लेन्स" म्हटलं आणि तू "पेन्शन" ऐकलंस. मग आपण दहा मिनिटं तुझ्या पेन्शनबद्दल बोललो, जी तुला मिळतच नाही. त्यापेक्षा पत्र बरं.

तर बातमी अशी, की तुझी दातांची डॉक्टर भाची त्रेचाळिसाव्या वर्षी जंगली प्राण्यांचे फोटो काढायला लागली आहे. जंगल वगैरे नाही, आमच्याच नदीवर. पाणीपुरवठ्याच्या जुन्या इमारतीखाली खडक आहेत, तिथे पहाटे पाणमांजरं येतात. एक आई आणि दोन पिल्लं. पिल्लं अजून पोहायला भितात. आई त्यांच्या मानगुटीला धरून त्यांना सरळ पाण्यात टाकते आणि वर स्वतःच घाबरल्यासारखी बघत बसते. मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी दवाखान्यात तासभर उशिरा पोचले.

माझ्याकडे जी लेन्स आहे तिच्यातून ती आई साबणाच्या वडीएवढी दिसते. म्हणून नवीन घ्यायची आहे. दुकानदाराने दोन दाखवल्या. एक चारशे मिलिमीटरपर्यंतची, हलकी, पिशवीत मावणारी. दुसरी सहाशेपर्यंतची, म्हणजे त्याहून लांबचं जवळ आणणारी, चांगली हातभर लांब आणि वजनाला दोन किलो. मला एवढंच सांग, हात हलला तरी फोटो हलू नये अशी सोय कुठल्या लेन्समध्ये जास्त चांगली असते? बाकी गोष्टी दुय्यम आहेत. ती सोय महत्त्वाची.

नवरा म्हणतो, हे खूळ उन्हाळ्यापर्यंत टिकलं तर घे. मला उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नाही. आठ फोटो पाठवते आहे. हसू नकोस.

तुझी,
घाईबाई

---

९ फेब्रुवारी

चि. घाईबाई,

आशीर्वाद. हसलो नाही. भिंग लावून दोनदा पाहिले.

दुकान बंद करून चार वर्षं झाली, पण मागच्या खोलीतलं टेबल अजून तसंच आहे. दिवा, भिंग, चिमटे, स्क्रूच्या डब्या. चाळीस वर्षं लोकांचे कॅमेरे उघडून बसलो, आता उघडायला कोणी आणत नाही. तुझं पाकीट आलं आणि टेबलाला काम मिळालं.

लेन्स निवडताना पहिला प्रश्न लेन्सचा नसतो. तू प्राण्यापासून किती लांब असतेस? उजेड किती असतो? उभी असतेस की बसलेली? किती वजन किती वेळ उचलून धरू शकतेस? यातल्या एकाचंही उत्तर तू दिलेलं नाहीस. लग्नाला जायचं की पोहायला ते न सांगता कपडे कुठले घेऊ असं विचारल्यासारखं झालं हे.

दुसरं. आठही फोटो हललेले आहेत. तू कॅमेरा दाढ उपटायच्या सांडशीसारखा धरतेस असा मला संशय आहे. कोपरं छातीला टेकव. डावा हात लेन्सच्या खाली, बाजूला नव्हे. श्वास सोड, आणि पुढचा घ्यायच्या आधी बटण दाब. दाब म्हणजे दाब, ढोसू नकोस. लेन्समधला स्टॅबिलायझर हाताचा थोडा हेलकावा सांभाळून घेतो, पण लांब लेन्स लांबचं जसं जवळ आणते, तसा धरणाऱ्याचा प्रत्येक धक्काही मोठा करून दाखवते. सहाशेच्या लेन्सने तुझा हा दोष झाकला जाणार नाही, चव्हाट्यावर येईल.

पुढचे फोटो पाठवशील तेव्हा प्रत्येकाच्या मागे शटरचा वेग लिही. आणि निदान एक फोटो कॅमेरा कशावर तरी टेकवून काढ.

मामा

---

१६ फेब्रुवारी

ती. मामा,

घे उत्तरं. चाळीस पावलं लांब असते, त्याहून जवळ गेलं तर आई पिल्लांना घेऊन बुडी मारते. उजेड जेमतेम, सूर्य इमारतीच्या मागून उशिरा येतो. खडकावर उकिडवी बसते. स्टँड वापरणार नाही, तो शेवाळावर घसरतो. आणि कोपरं छातीला टेकवूनच धरते, तू शिकवलं होतंस तसं. मी आठ वर्षांची होते तेव्हा.

मोठी लेन्स दुकानदाराने दोन दिवस वापरायला दिली. तिच्याने काढलेले सहा फोटो पाठवते आहे. मागे वेग लिहिले आहेत. शेवटचा, पुलाच्या खांबाचा, कॅमेरा कठड्यावर ठेवून काढला आहे.

लेन्स जड आहे हे खरं. अर्ध्या तासात मी घामाने भिजले. बाकी लोक स्वेटर घालून फिरत होते आणि मी बाह्या वर करून बसले होते. पण एकूण तब्येत छान आहे. न प्रयत्न करता पाच किलो उतरलेत, दवाखान्यात येणारी प्रत्येक बाई रहस्य विचारते. कामाचं म्हणशील तर रूट कॅनॉल वगैरे बारीक कामं हल्ली आमची धाकटी डॉक्टर करते. तिचा हात बसायला हवा ना. मी तपासणी करते, पेशंटशी बोलते, बिलं बघते. म्हणून तर नदीवर जायला वेळ मिळतो.

माझा प्रश्न तसाच राहिला आहे. स्टॅबिलायझर कुठल्यात जास्त चांगला? हलक्या लेन्समध्ये की जड? जास्त पैसे टाकून त्याहून चांगला मिळत असेल तर तेही सांग. आणि लवकर सांग.

घाईबाई

---

२३ फेब्रुवारी

चि. घाईबाई,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे.

कॅमेरा दुरुस्तीला आला की मी एकेक गोष्ट बाजूला काढत जायचो. तसंच केलं. आधी वाटलं, प्राणी हलला असेल. पण पाणमांजराच्या मिशा जशा दुहेरी दिसतात तसाच मागचा दगडही दुहेरी आहे, आणि दगड कुठे पळत नाही. मग वाटलं, लेन्स नीट बसत नसेल किंवा स्टॅबिलायझर बिघडलेला असेल. पण आधीचे आठ दुसऱ्या लेन्सचे आहेत आणि तेही तसेच. मग खांबाचा फोटो पाहिला, कठड्यावर टेकवलेला. त्यातल्या विटांच्या फटीत उगवलेलं गवत मोजता येतं. म्हणजे कॅमेरा ठीक, लेन्स ठीक.

पहिल्या पत्रात मी तुझ्या धरण्याला नावं ठेवली. ते चुकलं. ढोसून बटण दाबणाऱ्याचा फोटो एका दिशेला ओढला जातो. तुझे सगळ्या दिशांना बारीक थरथरले आहेत, सगळे सारखेच. सेकंदाच्या अडीचशेव्या भागात, स्टॅबिलायझर चालू असताना, नदीवरचे पाचच्या पाच फोटो असे येत नाहीत.

तू नऊ वर्षांची असताना सुट्टीत माझ्या टेबलाशी बसून मोहरीएवढे स्क्रू चिमट्याने उचलून जागेवर ठेवायचीस. मला चष्मा लावूनही तेवढं जमायचं नाही. तो हात मला माहीत आहे.

म्हणून सरळ विचारतो. हात थरथरतो का गं? आणि धाकट्या डॉक्टरला काम शिकवायचं म्हणून तू रूट कॅनॉल सोडलंस, हे खरं आहे का?

मामा

---

१ मार्च

मामा,

मी लेन्सबद्दल विचारलं होतं. तपासणी करून घ्यायची असती तर डॉक्टरकडे गेले असते, कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे नाही. थंडी असते, लेन्स जड असते, हात हलतोच. सगळ्यांचा हलतो.

तुझी भाची

ता. क. पाकीट चिकटवून दोन दिवस पर्समध्येच ठेवलं होतं. आता उघडून पुढे लिहिते आहे.

हो, थरथरतो. डिसेंबरपासून. आधी वाटलं, दमले असेन. मग एक दिवस एका बाईच्या दाढेत बारीक सुई घालत होते आणि सुई दातावर टकटक वाजली. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. काही झालं नाही, मी थांबले, धाकटीला हाक मारली, पाठ भरून आली आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सुई हातात घेतलेली नाही. तिला आणि नवऱ्याला काही सांगितलेलं नाही.

तू ओळखलंस तसं मीही ओळखलंय. आईला हेच झालं होतं, कंपवात. अकरा वर्षं. शेवटी शेवटी तिला पाणी पाजताना मी चमच्याकडे बघायचे, तिच्याकडे बघायचं टाळायचे. मला सगळे टप्पे पाठ आहेत. म्हणून तपासून घेत नाही. एकदा कागदावर आलं की दवाखाना बंद, गाडी चालवणं बंद, आणि घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागतील.

मला त्याआधी त्या तिघांचा एक फोटो हवा आहे. नीट, स्वच्छ, मिशा मोजता येतील असा. म्हणून विचारत होते. कोणाला सांगू नकोस.

---

६ मार्च

माझ्या बाळा,

कोणाला सांगणार नाही. पण तुला एक सांगायचं आहे, जे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

तुझ्या आईचा आजार सगळ्यांना कळला त्याच्या वर्षभर आधी मी तो पाहिला होता. ती दर गुरुवारी दुकानात यायची, काउंटरपाशी स्टुलावर बसायची. बोलता बोलता तिचा उजवा हात मांडीवर असायचा आणि अंगठा न् बोट आपोआप हलायचं, जणू गोळी वळते आहे. सावकाश, एका लयीत. मी तर बारीक हालचाली बघण्यातच हयात घालवलेली. मला दिसलं नाही असं कसं होईल? पण त्याच हाताने ती माझ्या शर्टाचं बटण शिवायची, सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायची. सुई उचलली की हात थांबायचा. मी मनाची समजूत घातली, जिला दोरा ओवता येतो तिला काय होणार आहे. वर्षभर गप्प बसलो. ते वर्ष मिळालं असतं तर काही फरक पडला असता का, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो. आता तुझ्या बाबतीत गप्प बसणार नाही.

नीट वाच. तिचा हात स्वस्थ असताना थरथरायचा आणि कामाला लागला की थांबायचा. तुझं उलट आहे. तू कॅमेरा उचललास की थरथरतो, सुई उचललीस की थरथरतो. तिचा एक हात हलायचा. तुझ्या फोटोंतला हिसका बारीक आणि जलद आहे, तिचा सावकाश होता. आणि तिचं असं पाच किलो वजन उतरलेलं मला आठवत नाही, थंडीत घामही यायचा नाही.

मी डॉक्टर नाही. मी नुसतं बघितलं आहे. पण एक पक्कं सांगतो, दोन कॅमेरे सारखेच अडकतात म्हणून दोन्हींत बिघाड एकच असतो असं नाही. उघडल्याशिवाय कळत नाही. तू दुसऱ्यांना खुर्चीत बसवून सांगतेस ना, की घाबरून आला नाहीत म्हणून दाढ गेली? तेच मी तुला सांगतो आहे.

मांडीवर हात ठेवून पाच मिनिटं बस आणि बघ. मग डॉक्टरकडे जा. तू जाऊन येईपर्यंत लेन्सबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही.

मामा

---

२४ मार्च

चि. घाईबाई,

अठरा दिवस झाले. पोस्टमन मला लांबूनच मान हलवून दाखवतो.

शेजारच्या शिक्षिकेला सांगून तुझ्या दवाखान्यात फोन लावला. तिने कागदावर लिहून दिलं, "डॉक्टर रजेवर आहेत, कधी येतील माहीत नाही." पुढे विचार म्हटलं तर ती म्हणाली, तिकडून फोन ठेवला. तुझ्या घरी लावायला मी सांगितलं नाही, कारण तुझ्या नवऱ्याला काय माहीत आहे आणि काय नाही ते मला ठाऊक नाही, आणि तुला शब्द दिला आहे.

तू माझ्यावर रागावली असशील तर रागाव. आईचं ते वर्ष माझ्याकडून गेलं, त्याबद्दल तू मला काहीही बोलू शकतेस. मी सांगायला नको होतं असं एखाद दिवशी वाटतं. पण राग असला तरी दोन ओळी लिही. कागद कोरा पाठवलास तरी चालेल. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं की मला हात कसा आहे ते कळेल.

वाट बघतो आहे.

मामा

---

२ एप्रिल

ती. मामा,

अक्षर बघून झालं असेल तर आता वाच. थायरॉइड आहे. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे, बस एवढंच. वजन, घाम, झोप न लागणं, छातीतली धडधड आणि हात, सगळं तिचं. गोळ्या सुरू झाल्या आहेत. थायरॉइडच्या डॉक्टर म्हणाल्या, दीड-दोन महिन्यांत हात थांबेल.

तुझं पत्र आल्यावर मी मांडीवर हात ठेवून बसले. पाच मिनिटं नाही, अर्धा तास. हात गप्प होता. मग कपबशी उचलली, आणि कप बशीवर वाजायला लागला. माझा विश्वास बसेना. कॉलेजच्या चौथ्या वर्षाला हा फरक मी पेपरात लिहिला होता. मार्कही पडले होते.

तरी गेले नाही. आठवडाभर स्वयंपाकघरातून बाहेर आणि बाहेरून आत. शेवटी नवऱ्याला सांगायला बसले. मी म्हटलं, "माझ्या हाताबद्दल बोलायचंय." तो म्हणाला, "बोल. मी जानेवारीपासून वाट बघतोय." मामा, तो तीन महिने माझा चहाचा कप अर्धाच भरत होता आणि मला वाटत होतं, घरात दूध कमी येतंय.

दुसऱ्या दिवशी तोच घेऊन गेला. मेंदूच्या डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, लिहायला लावलं. मग हात पुढे पसरायला सांगून बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. मी डोळे मिटून घेतले. ते म्हणाले, "आईचं मला सांगू नका, तुमचा गळा दाखवा." रक्त तपासायला दिलं. निकाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांबद्दल मी काही लिहिणार नाही. तेव्हाच तुला पत्र लिहायला हवं होतं, पण काय लिहू ते कळत नव्हतं. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा फार लाज वाटली.

आता आईबद्दल. तुझ्यावर रागावले होते, खोटं कशाला सांगू. दोन दिवस. मग मला वाटलं, तुला सांगायलाच हवं. तू पाहिलंस त्याच्या आधीच आईने डॉक्टरांना दाखवलं होतं. मीच तिच्याबरोबर गेले होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा. गोळ्याही चालू होत्या. तिने मला बजावलं होतं, "दादाला कळू देऊ नकोस. तो दुकान बंद करून माझ्यापाशी येऊन बसेल." घरी सगळे येऊन आजाराचंच बोलतील म्हणून तिने वर्षाहून जास्त काळ कोणालाच सांगितलं नाही. आणि दर गुरुवारी ती तुझ्याकडे यायची ते एवढ्याचसाठी, की तिथे तासभर कोणी तिच्या हाताकडे बघत नाही असं तिला वाटायचं.

तुझ्याकडून कुठलंही वर्ष गेलेलं नाही. मी शब्द दिला होता म्हणून इतकी वर्षं बोलले नाही. तू हे मनात घेऊन बसला आहेस हे माहीत असतं, तर तो शब्द केव्हाच मोडला असता.

घाईबाई

---

१० एप्रिल

चि. घाईबाई,

तुझं पत्र आलं तेव्हा शेजारची शिक्षिका दारात उभी होती. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, भाचीला थायरॉइड झालंय." आणि हसत होतो. ती जरा बिचकलीच.

तुझ्या आईबद्दलचा भाग मी अजून रोज वाचतो. त्यावर लिहायला मला थोडे दिवस दे. इतकंच म्हणतो, की ती मला फसवण्यात लहानपणापासून पटाईत होती, आणि आज पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटतं आहे.

शब्द दिल्याप्रमाणे लेन्स. चाळीस पावलं आणि पहाटेचा उजेड असेल तर चारशेची तुला पुरणार नाही. प्राणी छोटाच राहील, मग तू एक एक पाऊल पुढे सरकशील, आणि ती आई पिल्लांना घेऊन ती जागा सोडून जाईल. तिला चाळीस पावलं हवी आहेत तर तिला ती दे. सहाशेची घे. खाली एका पायाचा स्टँड लाव, तळाला रबर असलेला. तो शेवाळावर तुझ्या तीन पायांच्या स्टँडपेक्षा चांगला रोवता येतो. वजनाचं त्याच्यावर सोड, दिशेचं तू बघ. स्टॅबिलायझर दोन्हींत चांगला आहे, त्यासाठी जास्त पैसे टाकायची गरज नाही.

पण आत्ता घेऊ नकोस. दोन महिने थांब. आत्ता दुकानात गेलीस तर आजारी हाताच्या मापाची लेन्स घेशील. भीती वाटते म्हणून हलकी घेशील, नाहीतर भीती वाटते म्हणून सगळ्यात महाग. लेन्स पुढची वीस वर्षं वापरायची असते.

मामा

---

१९ जून

ती. मामा,

थांबले. माझ्या आयुष्यात इतकं कुठल्याच गोष्टीसाठी थांबले नव्हते.

गेल्या शनिवारी दुकानात जाऊन दोन्ही लेन्सा आळीपाळीने उचलल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्ही फेब्रुवारीत किती घाईत होता." सहाशेची घेतली. रविवारी पहाटे नदीवर गेले. पिल्लं आता आईएवढी झाली आहेत. तिघांतली आई कोणती ते ओळखायला मला बराच वेळ लागला. शेवटी जी सारखी मागे वळून बघत होती तीच, असं ठरवलं. नव्वद फोटो काढले. साठ हलले, पण ते माझ्या घाईच्या सवयीने, थरथरीने नव्हे. तीस स्वच्छ आहेत. त्यातले पाच सोबत आहेत. भिंगाची गरज पडणार नाही, तरी तू लावशीलच.

पण खरं सांगायचं होतं ते वेगळंच. डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात रिपोर्ट बघून काम सुरू करायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मी तरी चार दिवस टाळाटाळीत काढले. काल एक बस ड्रायव्हर आला, खालची शेवटची दाढ, असह्य ठणका. मी धाकटीकडे बघितलं. तिला मी मेमध्येच सगळं सांगितलं होतं. ती उठली, माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही सुरू करा. लागलंच तर मी आहे."

त्याला बधिर केलं. सगळ्यात बारीक सुई उचलली. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती आणि तो माझ्या डोळ्यांकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, ही बाई किती शांत आहे. मामा, माझ्या कानात ठोके ऐकू येत होते. मी सुई दाढेत सोडली आणि ती कुठेही न वाजता सरळ खाली उतरली.

तुझी,
घाईबाई